मल्लविद्येचा मान आणि किमुराचे श्रेय: एका फिरत्या मजकुराला उत्तर

गोव्यातील कुस्तीप्रेमींच्या आणि व्यायामशाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक मजकूर मोठ्या अभिमानाने पुढे पाठवला जात आहे. सबमिशन ग्रॅपलिंगमधील, म्हणजे सांधा मुरडून किंवा गळा आवळून प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावणाऱ्या झुंजीतील, सगळे डाव मूळचे भारतीय मल्लविद्येचे आहेत, असा त्याचा दावा आहे. चीनला गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने ते पूर्वेकडे नेले, पोर्तुगीज जहाजांनी गोव्याहून ब्राझीलला पोहोचवले, तिथे ‘किमुरा’सारखी परकी नावे देऊन ते चोरण्यात आले, आणि म्हणून तालमीत शिकवतात तीच त्यांची एकमेव शुद्ध पद्धत होय, अशी त्याची मांडणी आहे. लाल मातीविषयीची जी आस्था त्यामागे आहे ती मलाही आहे, आणि म्हणूनच हा मजकूर मला खटकतो.

बोधिधर्माचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. त्याचा सर्वांत जुना चिनी उल्लेख सहाव्या शतकातील असून त्यात तो एक भाविक भिक्षू म्हणून येतो, झुंजीच्या विद्येचा त्यात मागमूसही नाही. व्यायामविद्या त्याच्या नावावर चढवणारा ‘यीजिन जिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे. शिवाय ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान या आपल्या शाळेची स्थापना केली ती जुजुत्सू या जपानी झुंजविद्येच्या ज्या परंपरा शिकून, त्या सर्वज्ञात आहेत.

जहाजांचा मुद्दा गोव्यातल्या वाचकाला भुरळ घालणारा आहे, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. गोवा आणि लिस्बन यांच्यामधील प्रवासात पोर्तुगीज जहाजे ब्राझीलमधील बाहियाला थांबत, आणि आपला काजू मूळचा ब्राझीलचाच. पण जलमार्ग होता एवढ्याने डाव त्या मार्गाने गेला, हे सिद्ध होत नाही. ब्राझील १८२२ मध्ये स्वतंत्र झाला, त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षांनी, १९१४ मध्ये, मित्सुयो माएदा हा जपानी ज्युदोपटू तिथे पोहोचला आणि पुढे बेलें शहरात स्थायिक झाला. ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्या ग्रेसी घराण्याची विद्या त्याच्यापासून सुरू होते, आणि त्याचा आणखी एक शिष्य लुईझ फ्रान्सा याच्यापासून ओस्वाल्दो फाद्दाची वेगळी परंपरा निघते. या दोन्ही शाखांच्या इतिहासात गोव्याला कुठेही जागा नाही.

चोरीचा आरोप मात्र नीट तपासायला हवा, कारण नेमके इथेच मजकूर वस्तुस्थितीच्या उलट बोलतो. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओमधील माराकाना स्टेडियमवर मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोपटूने त्याच घराण्यातल्या एलिओ ग्रेसीचा दुमडलेला हात पाठीमागे असा मुरडला की एलिओ हार मानीना, हात मोडला, आणि शेवटी त्याचा भाऊ कार्लोस याने लढत थांबवली. ज्युदोत हा डाव ‘उदे-गारामी’ म्हणून आधीच शिकवला जात होता आणि कॅच या पाश्चात्त्य कुस्तीतले मल्लही तो वापरत. तेव्हा किमुरा हा त्याचा जनक नव्हे, इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. परंतु ‘किमुरा’ हे नाव रूढ केले ते हरलेल्या बाजूने, जिंकणाऱ्याच्या सन्मानार्थ. ज्यात पराभूतच विजेत्याचे नाव जपतो, त्याला चोरी म्हणणे अन्यायाचे आहे.

हात मुरडणे कुस्तीला परके नाही, हे मान्य. पण तिथे हात मुरडायचा तो समोरच्याला उलटवून त्याचे खांदे जमिनीला टेकवण्यासाठी, आणि या एका नियमातून सारे वेगळेपण निघते. ज्या खेळात पाठ टेकली की लढत संपते, त्यात कोणताही पैलवान आपणहून पाठीवर जाणार नाही, आणि पाठीवर पडून दोन्ही पायांत मान व हात आवळणारा ट्रँगल हा डाव तिथे वाढीस लागणे कठीणच. तो वाढला जपानच्या शाळा-महाविद्यालयांच्या कोसेन ज्युदोत, जिथे थेट जमिनीवर जाऊन लढण्याची मुभा होती, आणि त्सुनेताने ओदा यांच्यासारख्या शिक्षकांनी तो घडवला. त्यांच्या मेहनतीचे श्रेय आपल्या नावावर लिहिणे मला पटत नाही. आपल्याकडे सांगण्याजोगे पुष्कळ आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने आपल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण लिहिले, आणि त्याची बहीण तर गोव्याच्या कदंबांची सून, दुसऱ्या जयकेशीची राणी होती. गामा पैलवानाची १९१० मध्ये लंडनला पोलिश मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी झालेली लढत बरोबरीत सुटली, आणि १९२८ मध्ये पतियाळात गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले.

राहिला शुद्ध पद्धतीचा दावा, आणि तो सर्वांत घातक आहे, कारण त्याचे परिणाम मुलांच्या सांध्यांवर होतात. पद्धत शुद्ध की अशुद्ध हे ती कुणी आधी वापरली यावरून ठरत नाही, तिने काय साधायचे आहे यावरून ठरते. कुस्तीत हिसका लागतो, कारण समोरचा सावरण्याआधी त्याला उलटवायचे असते. किमुरात आधी त्याचे धड जखडायचे, मग त्याचे मनगट धरलेल्या हाताला आपल्या दुसऱ्या हाताची पकड जोडायची आणि खांद्यावरचा ताण हळूहळू वाढवायचा, म्हणजे त्याला हार मानायला वेळ मिळतो. हील हूक या पाय मुरडण्याच्या डावात तर पकड टाचेवर असते आणि इजा गुडघ्याला होते, शिवाय अस्थिबंध फाटेपर्यंत पुरेशी वेदना जाणवेलच असे नाही. आयबीजेजेएफ या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ पासून हा डाव विना-गी, म्हणजे जाड झग्याविना होणाऱ्या, स्पर्धांत खुला केला तोही केवळ तपकिरी व काळा या वरच्या पट्ट्यांच्या प्रौढ खेळाडूंसाठी. तालमीतून मॅटवर येणाऱ्या मुलाला म्हणूनच पहिल्या दिवशी टॅप करणे, म्हणजे हाताने थोपटून हार मानणे, आणि समोरच्याने टॅप करताच पकड सोडणे शिकवले पाहिजे. उलट मॅटवरून मातीत उतरणाऱ्या मुलाची पाठीवर जाऊन झुंजण्याची सवय आधी मोडावी लागेल, नाहीतर पहिल्याच झटापटीत तो चीतपट होईल.