पणतवासाठी सगळं मोबाइलातच ठेवा

राजेहो, बुढीचा आवाज तुमच्या पणतवानं ऐकावा असं वाटते ना? मग वही-पेन आधी बाजूला सारा. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बुढी भुलाबाईची गाणी म्हणते, तेव्हा मोबाइल काढा. मागे टीव्हीवरची मालिका चालू असू द्या. त्या काळी घरात काय वाजत होतं तेही पोरांना कळेल. कोण म्हणतंय, गाव कोणतं, साल कोणतं, यातलं काहीच लिहू नका. मोबाइल फाइलीला जे आकडे चिकटवतो तेच नाव. मग स्टेटसला टाका. चोवीस तास काय कमी झाले?

गॅलरी भरली तर बुढीचं गाणं उडवा. ‘शुभ सकाळ’चे गुलाब ठेवा, त्यात साळ्याचेही असतात.

त्यातूनही काही उरलंच तर फुकटच्या ऑनलाइन खात्यात ढकला आणि निवांत झोपा. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद पडलं, गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा 1 जून 2021 पासून संपली, दोन वर्षं कोणी न उघडलेलं खातं गूगल पुसू शकतं. या गोष्टी शहरातल्या लोकांसाठी. आपलं खातं मोबाइलच्या दुकानातल्या पोट्ट्यानं काढून दिलेलं, पासवर्ड त्यालाच माहीत. त्या गाळ्यात आता चिकन सेंटर आहे.

“भाऊ, तो पासवर्ड होता ना...”

“अर्धा किलो देऊ का एक?”

फारच शिस्तीचे असाल तर पेनड्राइव्ह घ्या आणि टिनाच्या खोलीतल्या पेटीत टाकून द्या. त्यातली माहिती म्हणजे इवलासा विद्युतभार. वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला की तो गळत जातो, उकाड्यात तर लवकरच. अकोला-चंद्रपूरचा मे महिना या कामी कधी दगा देत नाही.

गावाच्या यात्रेची स्मरणिका तालुक्याच्या डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टात टाइप केली होती, ती फाइलही तशीच राहू द्या. युनिकोडच्या भानगडीत पडू नका. नव्या कॉम्प्युटरवर उघडली की अध्यक्षांच्या मनोगतात नुसते डॉलर, टक्के आणि कंस दिसतात. (मनोगत छापलं तेव्हाही फारसं वेगळं नव्हतं म्हणा.)

अमरावतीकडच्या रिद्धपूरचा कित्ता मात्र चुकूनही गिरवू नका. तेराव्या शतकात तिथं म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, विचारून विचारून लिहिल्या. पुढच्यांनी हातानं नकला केल्या. एक या मठात, दुसरी त्या मठात, काही पार पंजाबापर्यंत. सकळा नावाच्या सांकेतिक लिपीत पोथी झाकली, पण ती वाचायची रीत शिष्यांना शिकवून ठेवली. सातशे वर्षं झाली, त्या आठवणींचं लीळाचरित्र अजून वाचता येते. कोणाला आहे एवढा रिकामा वेळ? आपल्या फॉन्टाची किल्ली डीटीपीवाल्याच्या सीपीयूसोबत भंगारात गेली, विषय संपला.

आता राहिला बुढ्याचा फुटक्या काचेचा मोबाइल. लॉक कोणालाच माहीत नाही, पंधरा वर्षांची लग्नं, बारशी आणि वावराच्या धुऱ्याचे फोटो त्यातच. तो मुळीच उघडून पाहू नका. “जुना मोबाइल द्या, डबा घ्या” असं भोंग्यावर ओरडत फटफटीवाला येतो, त्याला देऊन टाका. पहिल्या बोलीत तो नुसता डबा दाखवते. थोडं ताणून धरा, झाकणही देते.