बुधवारी राणीची बाग बंद असते

भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाबद्दल मी एवढंच बोललो होतो. काल, म्हणजे बुधवारी, सकाळी नवाच्या सुमारास, सीएसएमटीबाहेरच्या बसस्टॉपवर. अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेसने आलेलं एक चौकोनी कुटुंब उभं होतं. नवरा, बायको, दोन पोरं आणि एक चाक निखळलेली बॅग. "भाऊ, राणीच्या बागेत जायाले कोन्ती बस हाय?" असं त्या गृहस्थांनी मला विचारलं. मला. शेजारच्या काकांना नव्हे. तरी उत्तर काकांनी दिलं.

"राणीची बाग कधी बंद असते का हो? मी गिरगावात वाढलोय."

या शेवटच्या वाक्यापुढे मुंबईत महापालिकेचं परिपत्रकही टिकत नाही. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, काखेत कापडी पिशवी. काकांनी घसा खाकरला आणि कार्यक्रम आखायला घेतला.

"आधी पोरांना तारापोरवाला मत्स्यालय दाखवा. मग मलबार हिलला नाझमध्ये चहा प्या, वरून अख्खी चौपाटी दिसते. तिथून डबल डेकर पकडायची, वरच्या मजल्यावर पुढची सीट, खिडकी सताड उघडी. जहांगीर आर्ट गॅलरीत समोवारमध्ये पराठा खा. पलीकडेच र्‍हिदम हाऊस, आत गेलात की गाणी फुकट ऐकायला मिळतात. चौघांचं मिळून शंभराच्या आत आटपतं."

गृहस्थ मोबाइलवर भराभर टाइप करत होते. मला राहवेना. मी म्हटलं, अहो, मत्स्यालय बंद आहे. नाझ १९९९ मध्ये गेलं. समोवार २०१५ मध्ये बंद झालं, र्‍हिदम हाऊस २०१६ मध्ये. उघड्या खिडक्यांची डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची धावली. आता आहे ती विजेवरची, एसी, काचा बंद. यांनी सांगितलेल्यातला फक्त अरबी समुद्र तेवढा शिल्लक आहे, तोही भराव टाकून थोडा मागे सरकवलाय.

काकांनी मला चपलेपासून टकलापर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही मुंबईचे नाही वाटतं."

"परळचा आहे. जन्मापासून."

"मूळचे?"

"गुहागर."

"हां." काका अकोलेकरांकडे वळले. "बाहेरचे आहेत."

"तुमचं मूळ गाव कुठलं, काका?"

"राजापूर. पण ते वेगळं."

"आणि आता राहता कुठे?"

"बदलापूरला," काका म्हणाले, जरा हळू. मग लगेच आवाज चढवून, "पण मनाने गिरगावातच!"

बस आली. "थँक यू, काका," पोरं एका सुरात म्हणाली. वहिनींनी माझ्याकडेही पाहिलं, पण बॅग जवळ ओढून घेत. आणि चौघंजण भायखळ्याच्या बंद फाटकाकडे रवाना झाले.

काका खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत आहे. त्यांनी सांगितलेलं सगळं एकेकाळी होतं, आणि त्या भावातही होतं. पण पाहुण्याला मुंबई दाखवायची तर आजचा दर लागतो आणि सुट्टीचा वार लागतो. आठवणी घेऊन तिकीटखिडकीवर कोणी सुट्टे देत नाही. तेव्हा पुढच्या वेळी जे कोणी येतील त्यांच्यासाठी, बाहेरच्या माणसाकडून.

राणीची बाग बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. त्याच आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद, म्हणजे पेंग्विन चुकला तर चुकला, निदान संग्रहालय बघू, तीही सोय नाही. तिकीट मोठ्यांना ५० आणि लहानांना २५ रुपये. पण आई-वडील आणि दोन मुलं असं एकत्र तिकीट काढलं तर चौघांचे १००. म्हणजे ५० रुपये वाचतात, फक्त ते मागावं लागतं. आणि तिथे जायला बस कशाला? सीएसएमटीहून स्लो लोकल, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. पूर्वेला उतरून दहा-पंधरा मिनिटं चालायचं.

लोकलचं सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट अजून पाच रुपये आहे. या शहरात पाच रुपयांत मिळणारी ही बहुधा शेवटची वस्तू. कटिंग चहासुद्धा त्यात येत नाही. बेस्टने मे २०२५ मध्ये भाडं दुप्पट केलं: साध्या बसला पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, एसीला १२. वाढीचं एक वेळ समजू शकतो, पण दुप्पट भाडं देऊन स्टॉपवर उभं राहायची वेळही दुप्पट व्हावी, हे काही समजत नाही.

यातून एक हिशेब निघतो, तो पाहुण्यांना कोणी सांगत नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. सीएसएमटी ते गेटवे सव्वादोन-अडीच किलोमीटर, म्हणजे मीटरने पन्नासच्या आसपास. चौघांचं एसी बसचं तिकीट ४८. दारात सोडणारी टॅक्सी त्याच भावात पडते. अर्थात मीटर टाकला तर. स्टेशनच्या तोंडाशी जो टॅक्सी टेकवून, दार उघडून, "गेटवे, ताज, कुलाबा" ओरडत असतो तो मीटर टाकत नाही, तो दीडशे सांगतो आणि आपण चालायला लागलो की शंभरावर येतो. त्याच्याशी वाद घालू नये. भुयारी मार्गाने पलीकडे जावं आणि जिच्यातून कोणी आत्ताच उतरतंय अशी टॅक्सी गाठावी. बसून, दार लावून, मगच ठिकाण सांगावं. उभ्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. बसलेल्याला उतरवायला तोंड वाजवावं लागतं. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जादा, ते मात्र रीतसर आहे.

रिक्षाचे पहिले दीड किलोमीटर २६ रुपये, पण रिक्षा माहीम आणि शीवच्या दक्षिणेला येतच नाही. बांद्र्याहून रिक्षाने गेटवेला जाऊ, असे बेत आखणारे लोक मी पाहिले आहेत.

विमानाने येणाऱ्यांचं भाग्य मात्र उजळलंय. भुयारी मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. दोन्ही टर्मिनलला स्थानक आहे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतचं भाडं ७० रुपये. तिकीट खाली उतरण्याआधी, मोबाइलला रेंज असतानाच काढून ठेवा. रात्री साडेदहानंतर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. मग आहेच टॅक्सी आणि तिचा प्रीपेड काउंटर.

लोकलचे नियम थोडक्यात. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे बॅग घेऊन चढू नये. त्याच वेळी उलट दिशेची गाडी त्या मानाने मोकळी असते, तेव्हा दिवसाचा बेत उलटा लावावा. अंधेरी-बोरिवलीला जायचं असेल तर विरार फास्टमध्ये शिरू नका. शिरलात तर उतरू देणार नाहीत, आणि वर प्रवचन मिळेल. दादरला प्लॅटफॉर्मचे नंबर डिसेंबर २०२३ पासून सलग झालेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ पासून पुढे. जुन्या माणसाने "एक नंबरवर या" म्हटलं, तर कुठल्या रेल्वेच्या एक नंबरवर, हे आधी विचारून घ्या. (काकांसारखी माणसं इथेच पाहुणे हरवतात.) एसी लोकलचं तिकीट ३५ रुपयांपासून आहे, दारं आपोआप लागतात, तेव्हा चालत्या गाडीतून उडी मारायचं कौशल्य तिथे कामाचं नाही. एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीटही मिळतं. खिडकीवरच्या बाईंना ते नाव घेऊन मागावं लागतं. रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवर गाड्या बंद. आदल्या दिवशीच्या पेपरात कुठल्या मार्गावर ते छापून येतं, ते वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

घारापुरीची लेणी, म्हणजे एलिफंटा, सोमवारी बंद. सगळं रविवारी करायला गेलात तर गेटवेला बोटीची रांग ताजच्या दारापर्यंत जाते, तेव्हा मंगळवार ते शुक्रवार, पहिल्या तासा-दोन तासांतली बोट. जायला साधारण तास लागतो. जाऊन-येऊन तिकीट अडीचशेच्या पुढे, आणि तिथून पैशाची गळती सुरू: बोटीत वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे, धक्क्यावरच्या छोट्या गाडीचे वेगळे, ग्रामपंचायतीची पावती वेगळी, लेण्यांचे माणशी ४० वेगळे. पंधराच्या आतल्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही. सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि दोन्ही बाजूंना दुकानं. काकडी, चिंच, पाण्याची बाटली हातात दिसेल अशी धरू नका. माकडं तुमच्यापेक्षा अनुभवी आहेत. लाइफ जॅकेट घाला आणि फोटोसाठी काढू नका. डिसेंबर २०२४ चा अपघात याच मार्गावर झाला होता. पावसाळ्यात बोटी कधी बंद होतील सांगता येत नाही. हाजी अलीला जायचं तर भरतीची वेळ बघून निघा. भरतीला वाट पाण्याखाली जाते आणि माणसं पलीकडे अडकतात.

खाण्याचं म्हणाल तर माटुंग्याला जा, पण सोमवारी नको. कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं. धोबी तलावला कयानी १९०४ पासून आहे. बनमस्का, चहा, मावा केक, आणि अनोळखी माणसासमोर त्याच टेबलावर बसायची तयारी. दादर-गिरगावात मिसळ, साबुदाणा वडा, पीयूष. साध्या हॉटेलात शिरलात की आधी मेनूकार्ड हाताळून बघा. किमतीच्या जागी पांढरे चौकोनी स्टिकर असतात, एकावर एक चढून ते इतके जाड झालेले असतात की कार्ड नीट मिटत नाही. वरच्याची कड नखाने उचला. ११० खाली ९०, त्याखाली ७०, आणि तळाशी छापील ४५. पदार्थ तोच, फक्त वाटीचा घेर स्टिकरच्या उलट दिशेने गेलेला. थाळी मागवताना लिमिटेड की अनलिमिटेड ते विचारा, आणि "शेअरिंग चालणार नाही" ही पाटी पोरांना घेऊन आलेल्या माणसासाठीच असते हे लक्षात ठेवा. वडापावला "एक्स्ट्रा पाव" म्हणताना तो फुकट येईल अशी आशा बाळगू नका. चटणीचे पैसे अजून लावत नाहीत. हे छापून येऊ नये, नाहीतर कोणाला तरी सुचेल.

राहिला प्रश्न राहण्याचा. दक्षिण मुंबईत स्वच्छ आणि स्वस्त अशी खोली एकदम मिळत नाही. दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. मुंबई सेंट्रल स्टेशनात पॉड हॉटेल, म्हणजे एका माणसाला झोपण्यापुरत्या खणांचं हॉटेल, आहे, एकट्या माणसाला रात्र काढायला उत्तम. चौघांना मात्र चार खणांचे पैसे पडतात. स्टेशनांवरच्या विश्रामकक्षासाठी कन्फर्म तिकीट लागतं आणि आधी बुकिंग करावं लागतं. एवढं सगळं ऐकल्यावर पाहुणे शेवटी म्हणतात, "मग तुमच्याकडेच उतरतो." उतरा. पाणी सकाळी ठरलेल्या वेळीच येतं, तेव्हा आंघोळीचा नंबर रात्रीच ठरवा. घर एका खोलीचं आणि हॉलचं आहे, त्यातल्या हॉलमध्ये तुम्ही. आणि लॉजवाल्यांनी कशी लूट चालवलीय यावर रात्री बारापर्यंत चर्चा करणाऱ्यांनी आमचा एसी सोळावर लावून, वर दुलई मागू नये.