मावशींच्या गळ्यातलं कार्ड

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत गेला महिनाभर एक ट्रायल चालू आहे. घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, गाड्या धुणारी मुलं, सगळ्यांच्या गळ्यात एक पांढरं कार्ड. गेटवर, प्रत्येक विंगच्या लॉबीत आणि लिफ्टच्या दारावर रीडर बसवलेत. कोण किती वाजता कुठल्या विंगमध्ये शिरलं ते सभासदांना ॲपवर दिसतं. येत्या रविवारी सर्वसाधारण सभेत हे कायम करण्याचा ठराव येतोय. मी विरोध करणार आहे. सभेत दोन मिनिटांच्या वर बोलू देत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी उरणजवळ एका कंटेनर यार्डात नोकरीला आहे. या कार्डातली चिप माझ्या रोजच्या कामातली. जेएनपीटीत, म्हणजे न्हावा शेवा बंदरात, २०१६ पासून कंटेनरना असे रेडिओ टॅग लागतात, पुढच्या वर्षी निर्यातीच्या मालासाठी ई-सील, म्हणजे असाच टॅग असलेलं सीलही आलं. टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या लहरी पोचल्या की त्यांच्यावरच तो जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. याचे दोन मुख्य प्रकार आपल्या रोजच्या वापरात आहेत. मेट्रोचं कार्ड काही सेंटिमीटरवरूनच वाचलं जातं, म्हणजे आपण हात पुढे केला तरच. फास्टॅगच्या जातीचा टॅग काही मीटरवरून वाचला जातो, आणि तो कधी वाचला हे जवळ बाळगणाऱ्याला कळतही नाही. सोसायटीनं मावशींना हा दुसरा प्रकार दिला. गेटवर रांग नको, हे कारण.

आमच्याकडच्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, हे घरी नेलं तर मी कुठं आहे ते यांना कळंल का?" नाही कळणार. जिथे रीडर नाही तिथे हे कार्ड मुकं आहे, जीपीएससारखं नाही. ते ऐकून त्या निश्चिंत झाल्या. खरा त्रास गेटच्या आतच होणार होता आणि तो माझ्याही तेव्हा लक्षात आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या सी विंगमध्ये एका घरी कामाचं विचारायला गेल्या. तिथे पगार बरा होता. त्याच संध्याकाळी ए विंगच्या त्यांच्या जुन्या घरी प्रश्न आला, "अकरा ते सव्वाअकरा सी विंगमध्ये काय करत होतात?" नवीन काम पक्कं होण्याआधी जुनं गेलं. आपल्यापैकी कितीजण ऑफिसातून रजा काढून दुसरीकडे इंटरव्ह्यूला जातो? आपल्या साहेबांच्या मोबाइलवर तेव्हा मेसेज गेला असता तर? चार पैसे जास्त मिळतील का हे गुपचूप चाचपून बघणं हा कुठल्याही कामगाराचा हक्क आहे. गेटवरच्या जुन्या वहीनं तो कधी हिरावून घेतला नव्हता. वही भरली की माळ्यावर जायची, ती चाळत बसायला कुणाला वेळ नव्हता.

दुसरी गोष्ट यार्डातली. रीडर चुकतो. लांबून वाचला जाणारा टॅग धातूजवळ नीट वाचला जात नाही, आणि माणसाच्या शरीरात पाणी असल्यामुळे अंगाला चिकटलेलं कार्डही कित्येकदा वाचायचं सुटतं. पदराखाली गेलं, सुटलं. आमच्याकडे गेट-आऊटची नोंद नाही आली तर कुणी कंटेनरला जाब विचारत नाही, माणूस जाऊन जागेवर बघून येतो. इथे एका मुलाची बाहेर पडल्याची नोंद नव्हती, तर सिक्युरिटीनं त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अर्धा तास उभं केलं. रात्रभर आत कुठे होतास म्हणून. बेलापूरला आपल्या घरी झोपला होता बिचारा.

चोऱ्या होतात, हे मला मान्य आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच मजल्यावर झाली. पण त्यासाठी गेटवरची आत-बाहेरची नोंद पुरते. लिफ्टमधल्या रीडरनं चोर सापडत नाही, मावशी कुठल्या मजल्यावर किती वेळ थांबल्या एवढंच कळतं. आणि याच ॲपवर सभासदांच्या गाड्यांच्या वेळाही सगळ्यांना दिसाव्यात असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा कमिटीनं एका आवाजात नकार दिला. "आमची प्रायव्हसी आहे." बरोबरच आहे. मग ती गेटवरून चालत येणाऱ्यांनाही आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं गोपनीयता हा मूलभूत अधिकार ठरवला, त्यात फ्लॅटच्या मालकीची अट नाही.

कॅलिफोर्नियातल्या सटर गावच्या शाळेनं २००५ मध्ये मुलांच्या गळ्यात अशीच कार्डं घातली होती. हजेरी आपोआप लागावी एवढाच हेतू. पालक खवळले आणि काही आठवड्यांत तो प्रयोग बंद झाला. तिथे मुलांच्या बाजूनं बोलायला आईबाप होते. आमच्या सभेत मावशींना बसायचीही परवानगी नाही.

कमिटीला मी लेखी दिलंय. कार्ड ठेवायचंच असेल तर हातानं टेकवायचं, जवळून वाचलं जाणारं ठेवा, आणि रीडर फक्त गेटवर. सभासदांच्या मोबाइलवर काहीही जाता कामा नये, चोरीसारखं काही घडलं तरच सेक्रेटरींनी नोंद उघडावी. तीस दिवसांनी नोंदी पुसा. आत्ता त्या ॲपवाल्या कंपनीकडे पडून आहेत, आणि किती दिवस राहणार हे विचारलं तर आमच्या कमिटीतल्या एकालाही सांगता आलं नाही. आधार कार्डांच्या झेरॉक्सही त्यांच्याकडेच गेल्यात, त्या परत मागवा. २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदा नेमकं हेच सांगतो: कशासाठी घेताय ते सांगून घ्या, काम झालं की पुसा. त्याच्या मुख्य तरतुदी लागू व्हायची वाट बघायची गरज नाही, शहाणपण आजच वापरता येतं.

मावशींना अजून नवीन काम मिळालेलं नाही. तुमच्याकडे त्यांना सकाळचं दोन तासांचं काम द्यायचं असेल, सीवूड्स किंवा नेरूळ, तर मला मेसेज करा. आणि ज्यांच्या सोसायटीत अशी कार्डं आधीच आहेत त्यांनी खाली लिहा, नोंदी किती दिवस ठेवता आणि त्या कोणाला दिसतात. रविवारच्या सभेत मला ते वाचून दाखवायचं आहे.