दुसऱ्या दिवशीची अंगदुखी लॅक्टिक ॲसिडची नव्हे
व्यायामाबद्दलच्या एका लेखात दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचं खापर लॅक्टिक ॲसिडवर, म्हणजे जोरदार व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या आम्लावर, फोडलंय, ते चूक आहे. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) मूळ पातळीला येतं. हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. २४ ते ७२ तासांत वाढणारं दुखणं स्नायूतंतूंच्या सूक्ष्म इजेचं, विशेषतः उतार उतरल्यावर किंवा वजन सावकाश खाली घेतल्यावर.

सेटच्या, म्हणजे सलग उचलींच्या एका फेरीच्या, शेवटी हात उचलत नाही, ते प्रकरण वेगळं. स्नायूला थेट ऊर्जा देणारं तयार एटीपी २-३ सेकंद पुरतं, ते झटपट भरून देणारा राखीव साठा म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, तो जेमतेम १० सेकंद. त्यातून सुटून साचलेला फॉस्फेट तंतूंची पकड ढिली करतो, आकुंचनाचा इशारा देणाऱ्या कॅल्शियमलाही अडवतो. क्रिएटिन फॉस्फेट भरायला ३ ते ५ मिनिटं हवीत. जड वजनानंतर ३० सेकंदच थांबलात तर पुढचा सेट अर्धवट राहणारच.