कात्सुरेनला रोमन आले नव्हते

जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरच्या कात्सुरेन किल्ल्याच्या फोटोखाली एक मजकूर पुन्हा फिरतोय. इथे रोमन नाणी सापडली, म्हणजे चौथ्या शतकात रोमन व्यापारी इथवर आले होते आणि हा किल्लाही तेव्हाचाच. वर शेपूट असं की, शेवटचा सरदार अमावारी गद्दार निघाला म्हणून गड बुडाला. यात नाणी सापडली एवढंच निर्विवाद आहे.

ती मिळाली २०१३ च्या उत्खननात. उरुमा शहराने जाहीर केली २०१६ मध्ये. जेमतेम दोन सेंटिमीटरच्या, गंजलेल्या तांब्याच्या चकत्या. अमेरिकन सैनिकांनी पाडलेली एक सेंटची नाणी असावीत, असंच आधी वाटलं होतं. क्ष-किरणांखाली धरल्यावर सम्राट कॉन्स्टंटाइनचा चेहरा आणि भालाधारी सैनिक दिसला.

पण त्याच नाण्यांत एक ऑटोमन तुर्कांचंही आहे, सतराव्या शतकातलं. ते फॉरवर्ड करणारे सोयीने गाळतात. किल्ला पडला १४५८ मध्ये, आणि हे नाणं १६८७ सालचं! म्हणजे या जागी पुढेही माणसांचा वावर होता. आणि नाणं कुठल्या काळातलं यावरून ते इथे कधी पोचलं हे ठरत नाही, आणलं कोणी हे तर नाहीच. उत्तर रोमन काळातली तांब्याची नाणी श्रीलंकेत आणि तमिळनाडूत भरपूर सापडली आहेत. आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीला ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, म्हणून कोल्हापूर रोमनांनी वसवलं असं कोणी म्हणत नाही.

किल्ल्याचं वय तर दूरच राहिलं. चौथ्या शतकात ओकिनावाचे लोक मासे, शिंपले आणि शिकारीवर जगत होते. ‘गुसुकू’ म्हणजे तिथले दगडी किल्ले, त्यांचा काळ बाराव्या शतकाच्या आसपास सुरू होतो. प्रवाळी चुनखडीच्या त्या वळणदार तटबंद्या स्थानिक गवंड्यांच्या हातच्या आहेत.

मला राग येतो तो इथेच. र्युक्यू म्हणजे ओकिनावाचं जुनं राज्य. तिथले राजे १३७२ पासून मिंग चीनशी व्यवहार ठेवून होते. पंधराव्या शतकात त्यांची जहाजं सयाम, मलाक्का, जावापर्यंत जात. कात्सुरेनच्या मातीत चिनी पोर्सिलेनच्या खापऱ्या निघतात. परदेशी नाणं इथे पोचायला एवढा राबता पुरेसा होता. एका लहानशा बेटाने समुद्रावर कमावलेलं नाव रोमच्या खात्यात कशाला टाकायचं?

आता अमावारी. दरबारी बखर सांगते की त्याने राजा शो ताइक्यूचे कान भरून नाकागुसुकू किल्ल्याचा सरदार गोसामारू याचा काटा काढला, मग राजावरच उठायचा बेत केला. त्याच्याच बायकोने, म्हणजे राजाच्या मुलीने, बापाला सावध केलं. पण राज्याचा पहिला अधिकृत इतिहास लिहिला गेला १६५० मध्ये, घटनेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी आणि जिंकणाऱ्यांच्या राजधानीत. १७१९ मध्ये चिनी दूतांपुढे झालेल्या नृत्यनाट्यातही तो खलनायकच होता. त्याच राज्याने जपलेल्या ‘ओमोरो’ गीतांत मात्र कात्सुरेनला थेट कामाकुराची, म्हणजे जपानच्या जुन्या सत्ताकेंद्राची उपमा आहे, आणि अमावारीची स्तुतीही. लोककथेतला अमावारी तर डोंगरात टाकून दिलेलं अशक्त पोर. कोळी किड्याचं जाळं बघून तो मासेमारीचं जाळं विणतो आणि गावाला देतो. ही कथा इतिहास म्हणून मी मांडणार नाही. पण गद्दारीची कथाही तेवढ्याच सावधपणे वाचायला हवी.

२००० सालापासून उरुमाची शाळकरी मुलं अमावारीला नायक करून संगीत नाटक करतात. त्याचा पहिला प्रयोग झाला तो याच पडक्या तटांच्या आत.