एपीआय एंडपॉइंटबद्दलचा तो दावा अर्धाच खरा

'क्लाउड वापरणाऱ्याला एपीआय एंडपॉइंटशी काही देणंघेणं नसतं,' असं एंडपॉइंटबद्दल, म्हणजे प्रोग्रॅमने सेवेला विनंती पाठवायच्या पत्त्याबद्दल, सध्या सर्रास सांगितलं जातंय. नुसत्या डॅशबोर्डवरून सर्व्हर सुरू-बंद करणाऱ्यापुरतं ते खरं आहे. कमांड लाइन किंवा स्वतःची स्क्रिप्ट वापरणाऱ्यांची मात्र यात दिशाभूल होते.

क्लाउड उभारायच्या ओपनस्टॅक या सॉफ्टवेअरचंच घ्या. लॉगिन झालं की कीस्टोन, म्हणजे त्यातला ओळख तपासणारा भाग, सेवांची यादी देतं. त्यात एकाच सेवेचे पब्लिक, इंटर्नल, अ‍ॅडमिन असे वेगवेगळे पत्ते असू शकतात. क्लायंटने इंटर्नल पत्ता उचलला, तर बाहेरच्या नेटवर्कवरून विनंती सहसा पोहोचतच नाही, आणि बिचारा माणूस पासवर्ड तपासत बसतो! फायरवॉलमध्ये कीस्टोनचं नेहमीचं 5000 पोर्ट उघडलं, पण सर्व्हर सांभाळणाऱ्या नोव्हा या सेवेचं 8774 राहिलं, तरी लॉगिन होतं आणि सर्व्हरची यादी येत नाही. पत्ते पाठ करायची गरज नाही. 'ओपनस्टॅक कॅटलॉग लिस्ट' ही कमांड ते दाखवते.