ऐकू न येणाऱ्या कार्यक्रमाची पूर्वतयारी

महाविद्यालयाच्या सांस्कृतिक समितीवर आपली नेमणूक झाली असेल, तर सर्वप्रथम एक गैरसमज मनातून काढून टाकावा. व्याख्यान ऐकण्यासाठी असते आणि मैफल कानांसाठी असते, असे अनेक नवखे सदस्य धरून चालतात आणि मग वर्षभर साउंडवाल्याशी वाद घालत बसतात. वास्तविक कार्यक्रम हा बॅनर, छायाचित्र आणि अहवाल या तिघांसाठी असतो, आणि या तिघांनाही कान नाहीत. एवढे ध्यानात ठेवले की पुढची सारी व्यवस्था आपोआप सुचत जाते.

सुरुवात सभागृहापासून करावी. गुळगुळीत फरशी, उंच छत, एका बाजूला सलग काचा आणि बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या असे सभागृह आवारात असेल, तर दुसरीकडे पाहूही नये. अशा ठिकाणी उच्चारलेला शब्द या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो, तो विरण्यापूर्वीच पुढचा शब्द त्याच्या अंगावर येऊन पडतो, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत वक्त्याच्या विद्वत्तेचा एकसंध गुंजारव तयार होतो. या प्रथेला प्रतिष्ठित पूर्वज आहेत. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयात १८९५ मध्ये एक देखणे व्याख्यानगृह तयार झाले. त्यात सगळे काही होते, फक्त व्याख्यान समजत नव्हते, कारण रिकाम्या खोलीत उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, आणि तेवढ्या वेळात सावकाश बोलणारा वक्तासुद्धा दहा-बारा शब्द पुढे निघून गेलेला असतो. विद्यापीठाने या दोषाचा तपास वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाकडे सोपवला, आणि इथेच घात झाला. तो एखाद्या उपसमितीकडे सोपवला असता, तर प्रश्न एका ठरावात मिटला असता. सॅबिन मात्र रात्री-अपरात्री जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून आणी, खोलीत मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवी आणि तिचा आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजी. गाद्या वाढल्या की आवाज लवकर विरतो, हे पाहता पाहता त्याने खोलीचे घनफळ, तिच्यातले आवाज शोषणारे पृष्ठभाग आणि आवाज घुमण्याचा काळ यांचे गणित मांडले. त्याच गणिताचा आधार घेऊन बांधलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० मध्ये खुला झाला आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणला जातो. आपल्यापुरता यातला बोध स्पष्ट आहे. गाद्या, गालिचे आणि जाड पडदे यांना सभागृहात पाऊल ठेवू देऊ नये. पडदे आधीपासून लावलेले असतील, तर ते छायाचित्रात काळपट दिसतात असे कारण दाखवून धुलाईला पाठवावेत आणि परत आणण्याची जबाबदारी कोणाची, हे संदिग्ध ठेवावे.

साउंड चेक करूच नये, असे सांगण्याइतका मी कठोर नाही. तो अवश्य करावा, पण सभागृह रिकामे असताना करावा. माणसे आपल्या अंगावरच्या कपड्यांसकट बराच आवाज शोषून घेतात, हेही सॅबिनने मोजून ठेवले आहे. त्यामुळे दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे जुळवलेला आवाज संध्याकाळी चारशे माणसे येऊन बसताच वेगळाच लागतो आणि मागच्या रांगांपर्यंत व्यंजने पोहोचेनाशी होतात. हा बदल ऐकून मिक्सरपाशी बसलेला माणूस काही बटणे फिरवू पाहील. त्याला तसे करू देऊ नये. दुपारी ‘हॅलो, हॅलो, वन, टू’ एवढे शब्द व्यवस्थित ऐकू आले होते, याची त्याला आठवण करून द्यावी. वक्त्याला याहून वेगळे काही म्हणायचे असेल, तर तो त्याचा प्रश्न आहे.

माईकचा दांडा समितीतील सर्वांत उंच सदस्याच्या मापाने घट्ट आवळून ठेवावा. तोंड आणि माईक यांच्यातले अंतर दुप्पट झाले की माईकपर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो, म्हणजे दहा सेंटीमीटरऐवजी चाळीस सेंटीमीटरवरून बोलणारा वक्ता बारा डेसिबल गमावून बसलेला असतो. ती भरपाई करण्यासाठी साउंडवाला आवाज चढवतो. स्पीकर जर आपण दूरदृष्टीने वक्त्याच्या पाठीमागे, माईककडे तोंड करून उभे केले असतील, तर स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, परत शिरतो, आणि क्षणार्धात ती सुपरिचित शीळ सभागृहात घुमते. शीळ आली की तिघा स्वयंसेवकांनी एकाच वेळी मंचावर धावत जावे. यातून आयोजकांची तत्परता दिसते आणि वक्त्याचा मुद्दा तुटतो तो तुटतोच.

मागच्या रांगांची तक्रार येईल. तिच्याकडे कानाडोळा करू नये. उलट मागच्या भिंतीपाशी आणखी दोन स्पीकर लावून द्यावेत, मात्र त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडण्याची जी सोय उपकरणात असते, तिला हात लावू नये. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरचा स्पीकर श्रोत्यापासून ३४ मीटरवर असेल, तर त्याचे वाक्य मागच्या स्पीकरच्या वाक्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाने येऊन पोहोचते. अशा रीतीने मागे बसणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक विचार दोनदा ऐकण्याचा लाभ होतो, जो पुढच्या रांगेतल्या मान्यवरांनाही मिळत नाही. प्रस्तुत लेखकाने एकदा अशाच जागी बसून भाषास्वच्छतेवरचे दीड तासाचे व्याख्यान ऐकले असून, त्यातला ‘म्हणजेच’ हा शब्द त्याला आजही तोंडपाठ आहे.

संगीताच्या कार्यक्रमाला नियम उलटा आहे. तिथे ऐकू न येण्याची भीती असल्याने आवाज इतका वाढवावा की कोणालाच काही ऐकू येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी जो मानदंड जाहीर केला, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजत राहावे आणि कान विसावण्यासाठी शांत जागा ठेवावी, असे सुचवले आहे. शांत जागा आपल्याकडे आहेच. तिला ग्रंथालय म्हणतात आणि ती स्टेजला लागूनच असल्याने तीही कार्यक्रमात आपोआप सामील होते. कलावंतांनी स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून मॉनिटर मागितला, तर त्यांच्या आत्मविश्वासाविषयी हळूच शंका व्यक्त करावी. जागा गैरसोयीची आहे अशी कुरकूर कोणी केली, तर लीड्स विद्यापीठाचे उदाहरण तोंडावर फेकावे: तिथल्या विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात १४ फेब्रुवारी १९७० रोजी ‘द हू’ या बँडने केलेला कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला आणि रॉक संगीतातल्या श्रेष्ठ थेट ध्वनिमुद्रणांत त्याचे नाव घेतले जाते. त्या संध्याकाळी वाजवणाऱ्यांना वाजवता येत होते आणि मुद्रण करणाऱ्यांना मुद्रण, हा तपशील सांगण्याचे कारण नाही.

आता वेळेकडे वळू. नमनाला घडाभर तेल ही म्हण टीका म्हणून प्रचारात आली असली, तरी समितीने ती अंदाजपत्रक म्हणून वाचावी. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय आणि अध्यक्षांचे ‘दोन शब्द’ हे सारे व्याख्यानाआधी संपवायचे असते. परिचय पाहुण्यांच्या उपस्थितीत, त्यांनीच पाठवलेल्या चार पानांवरून, पदव्यांच्या तारखांसह वाचावा; आडनाव मात्र दोन वेगवेगळ्या प्रकारे उच्चारावे, म्हणजे त्यांपैकी एक तरी बरोबर येते. मंचावरच्या प्रत्येकाला बोलू द्यावे, कारण ज्याला बोलू दिले नाही तो पुढच्या वर्षी निधीच्या बैठकीत बोलतो. यातून उरलेली वीस मिनिटे वक्त्याची. ती कमी पडतील, अशी खंत वाटू देऊ नये. ५ जून १९४७ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल मानद पदवी स्वीकारण्यासाठी हार्वर्डला गेले आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपच्या पुनर्उभारणीची कल्पना त्यांनी पंधरा मिनिटांच्या आत मांडून टाकली. एवढ्या वेळात एक खंड उभा करता येतो, तर आपल्या पाहुण्यांना अभ्यासाचे महत्त्व सांगता येऊ नये, असे काही नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिले की सूत्रसंचालकाने चिठ्ठी पाठवावी, आणि त्यांनी चिठ्ठी वाचेपर्यंत दुसरी तयार ठेवावी.

श्रोते कसे जमवावेत, याची चिंता फार करू नये. विषय काय आहे हे सूचनाफलकावर लिहिण्यापेक्षा हजेरी शेवटी घेतली जाईल हे लिहावे. पहिल्या दोन रांगा मान्यवरांसाठी राखून त्यांवर कागद चिकटवावेत. मान्यवर छायाचित्रानंतर निघून जातात, पण कागद राहतात, त्यामुळे वक्त्याला संपूर्ण भाषण रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत करता येते आणि खरोखर ऐकायला आलेली पाच-सात मुले खांबाआड, सुरक्षित अंतरावर राहतात. त्याच संध्याकाळी आवारात दुसऱ्या विभागाची मैफल असेल, तर तारीख बदलू नये. दोन्हींचा आवाज खिडक्यांतून एकमेकांत मिसळू द्यावा.

प्रश्नोत्तरांचा भाग नाजूक असतो, कारण तिथे कोणीतरी ऐकले होते हे उघड होण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणजे फिरता माईक समितीच्या ओळखीच्या ज्येष्ठ सद्गृहस्थांच्या हाती प्रथम देणे. ते ‘प्रश्न नाही, पण थोडे सांगायचे आहे’ अशी सुरुवात करतात आणि वेळ संपेपर्यंत सांगत राहतात. मागून हात वर करणाऱ्या मुलीला ‘नंतर वैयक्तिक भेटा’ असे सूत्रसंचालकाने प्रेमाने सांगावे.

आभारप्रदर्शन हा कार्यक्रमाचा गाभा होय. योहानेस ब्राम्स या संगीतकाराला ब्रेस्लाऊ विद्यापीठाने १८७९ मध्ये मानद पदवी दिली, तेव्हा त्याने आधी नुसते पत्र टाकून आभार मानले होते. विद्यापीठाला एखादी रचना हवी आहे असे त्याला सुचवण्यात आले, तेव्हा त्याने विद्यार्थ्यांच्या खेळकर गाण्यांच्या चाली गुंफून एक वाद्यवृंदरचना केली आणि ४ जानेवारी १८८१ रोजी तिथेच स्वतः तिचे संचालन केले. आभार मानण्याची ही पद्धत धोक्याची आहे, कारण लोक ते आभार अजूनही आवडीने ऐकतात. आपण वीजतंत्रज्ञांपासून कुलगुरूंपर्यंत नावांची यादी वाचावी आणि ज्याने पडदे धुलाईला नेले त्याचेही नाव घ्यावे. साउंडवाल्याचे राहून गेले तरी चालेल, तो तोवर वायर गुंडाळत असतो.

अहवाल आदल्या दिवशीच लिहून ठेवलेला असल्याने त्याची घाई नसते. ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ हे वाक्य गेल्या वर्षीच्या अहवालातून घ्यावे, कारण ते तिथे अत्यंत समर्पक ठरले होते. फक्त एका गोष्टीवर लक्ष ठेवावे. दिवे मालवले जात असताना, माईक बंद झाल्यावर, तीच मागची मुलगी आणि खांबाआडची दोन-चार मुले पाहुण्यांना बाहेरच्या पायऱ्यांवर गाठतात, तिचा प्रश्न अखेर विचारला जातो, आणि पाहुणे पिशवी खाली ठेवून, कसलाही ध्वनिक्षेपक नसताना, हलक्या आवाजात बोलू लागतात. त्यातला शब्द अन् शब्द स्पष्ट ऐकू येतो. तिथे बॅनर नसते, छायाचित्रकार निघून गेलेला असतो आणि हजेरीचा कागदही फिरत नाही. अशा वेळी गाडी तयार असल्याचा निरोप घेऊन एका स्वयंसेवकाला तातडीने धाडावे.